मुलासमोर आईची पत

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा म्हणून घोषित केले. इंग्रजी जेमतेम येणाऱ्या लोकांनाही सरकारी सेवा समजतील अशा रीतीने मिळाव्यात म्हणून २००० साली निघालेला आदेश त्याच वेळी रद्द झाला. तेव्हापासून एक जुना वाद पुन्हा तापला आहे. स्थलांतरित कुटुंबांसाठी सार्वजनिक वाचनालयांत, चर्चच्या तळघरांत आणि संध्याकाळी रिकाम्या होणाऱ्या शाळांत जे कुटुंब साक्षरता वर्ग चालतात, त्यांत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांना दोन्ही बाजूंकडून तयार उत्तरे दिली जात आहेत. एक बाजू म्हणते, वर्गात इंग्रजीखेरीज शब्द नको, घरीही नको, तरच ही माणसे लवकर पायावर उभी राहतील. दुसरी म्हणते, मातृभाषा हाच माणसाचा प्राण आहे, तेव्हा तिच्यातूनच शिकवा आणि इंग्रजीची घाई करू नका. दोघांचाही आवाज चढा आहे, आणि दोघांच्याही बोलण्यात एक माणूस कुठेच दिसत नाही: दिवसभर गोदामात किंवा हॉटेलच्या खोल्या साफ करण्यात उभी राहून, संध्याकाळी लेकराचा हात धरून वर्गात आलेली आई. माझे म्हणणे असे आहे की, वर्गातून बाहेर पडताना त्या आईची किंवा बापाची स्वतःच्या मुलाच्या नजरेतली पत वाढली की घटली, हीच नव्या शिक्षकाच्या कामाची पहिली कसोटी असली पाहिजे. भाषेचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि या कसोटीला लावला की बराचसा सुटतो. मात्र ही कसोटी कोणाला आपोआप कळत नाही. ती अनुभवी माणसाशेजारी बसून शिकावी लागते, आणि त्या शिकण्याच्या वेळेचा मोबदला शिक्षकाला मिळाला पाहिजे.

हे वर्ग नेमके कसे असतात, हे आधी सांगायला हवे, कारण भारतातल्या प्रौढ साक्षरता वर्गांहून त्यांची घडण वेगळी आहे. ‘कुटुंब साक्षरता’ ही संज्ञा डेनी टेलर या संशोधिकेने १९८३ मध्ये रूढ केली. त्या वेळी तिचा अर्थ, घराघरांत वाचन-लेखन रोजच्या व्यवहारात कसे मिसळलेले असते याचा अभ्यास, एवढाच होता. पुढे १९८६ मध्ये केंटकी राज्याने आईवडील आणि लहान मुले यांना एकाच छताखाली आणून शिकवण्याचा उपक्रम सुरू केला, आणि १९८९ मध्ये लुईव्हिल शहरात त्यासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. तिथून जो साचा देशभर गेला त्यात चार भाग असतात: मुलांचा बालवर्ग, मोठ्यांचे शिक्षण, पालकत्वाविषयी चर्चा, आणि मुले व पालक यांनी एकत्र बसून वाचण्या-खेळण्याचा ठरावीक वेळ. हा चौथा भाग सगळ्यांत नाजूक असतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच नव्या शिक्षकाच्या हाती दिला जातो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो सगळ्यांत सोपा वाटतो.

न्यू जर्सीतल्या अशा एका वर्गात मी काही काळापासून मदत करते, आणि त्या एकत्र वाचनाच्या वेळेत जे घडते ते वारंवार पाहिले आहे. आई चित्रांचे इंग्रजी पुस्तक उघडून, बोट ठेवत, अडखळत वाचू लागते. पहिलीतला मुलगा दुसऱ्याच ओळीला तिचा उच्चार सुधारतो. ती पुन्हा म्हणते, तो पुन्हा सुधारतो. नवी शिक्षिका हे कौतुकाने पाहते आणि मुलाला मनापासून शाबासकी देते. तिच्या मनात काहीही वाईट नसते. पण त्या क्षणी आई पुस्तक मुलाच्या हातात देते, तू वाच, अशी खूण करते, आणि उरलेला वेळ गप्प बसून राहते. वर्गाच्या नोंदवहीत त्या दिवशी ‘मुलाचे वाचन उत्तम’ असे लिहिले जाते, आणि ती नोंद खरीही असते. पुढच्या आठवड्यात मात्र आई येत नाही. दुसऱ्या एका दिवशी, जुन्या शिक्षिकेने एका अक्षराचाही मजकूर नसलेले चित्रपुस्तक त्याच वयाच्या मुलीच्या आईपुढे ठेवले आणि गोष्ट तिच्या भाषेत सांगायला सांगितली. आईने कोल्ह्याला आवाज दिला, म्हातारीला वेगळा आवाज दिला, आणि मुलगी पुढे काय झाले म्हणून तिचा हात ओढू लागली. नंतर त्याच गोष्टीतले मोजके इंग्रजी शब्द फळ्यावर आले. ते आईने आणि मुलीने मिळून वहीत उतरवले. दोन्ही दिवशी इंग्रजी शिकवले गेलेच. फरक पडला तो एवढाच की, एका दिवशी मुलाला कळले की आपल्या आईला येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला कळले की आपल्या आईला येते.

हा फरक किरकोळ आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेचाच इतिहास पाहावा. १९१४ मध्ये हेन्री फोर्डने डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, आणि त्याच वर्षी परदेशी कामगारांसाठी इंग्रजीची शाळा काढली. पाळीच्या आधी किंवा नंतर त्यांना वर्गात बसावेच लागे. कारखान्याच्या समाजशास्त्र विभागाचे तपासनीस कामगारांच्या घरी जाऊन चूल, बिछाने, बचत आणि भाडेकरू तपासत. शाळेच्या पदवीदान समारंभात रंगमंचावर एक प्रचंड कढई मांडली जाई. आपापल्या देशाच्या पोशाखातले कामगार तिच्यात उतरत आणि दुसऱ्या बाजूने अमेरिकी सूट घालून, हातात झेंडा घेऊन बाहेर पडत. फोर्डच्या शाळेतून हजारो माणसे इंग्रजी शिकली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रेक्षकांत बसलेल्या त्यांच्या मुलांना त्या कढईने काय सांगितले? बाप जसा आहे तसा चालण्यासारखा नाही, त्याचे कपडे, त्याचे गाव, त्याचे बोलणे टाकून दिले की मगच तो लोकांना दाखवण्याजोगा होतो, हेच सांगितले. शिवाय घरभेटी म्हणजे आपोआप आपुलकी, असे आज जे मानले जाते, त्यावरही फोर्डच्या तपासनिसांची आठवण हा चांगला उतारा आहे. नव्या शिक्षकाच्या हातात प्रश्नावली देऊन त्याला कोणाच्या स्वयंपाकघरात पाठवण्याआधी दहादा विचार करायला हवा.

त्याच काळात शिकागोमध्ये याच प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले जात होते. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या समाजसेविकांनी १८८९ मध्ये हॉल्स्टेड रस्त्यावर हल हाउस हे समाजकेंद्र सुरू केले. भोवती इटालियन, ग्रीक, रशियन ज्यू, बोहेमियन कुटुंबांची दाटी होती. इंग्रजीचे वर्ग तिथेही होते आणि भरपूर होते. पण ॲडम्स यांच्या ध्यानात आले की शाळेत जाऊ लागलेली मुले घरी येऊन आईबापांची लाज बाळगतात. म्हणून १९०० च्या सुमारास त्यांनी श्रम-संग्रहालय उभारले, जिथे निरनिराळ्या देशांतून आलेल्या स्त्रिया आपापल्या पद्धतीची सूतकताई आणि विणकाम लोकांना करून दाखवत. अँजेलिना नावाच्या इटालियन मुलीची हकीकत त्यांनी नोंदवून ठेवली आहे. ही मुलगी शनिवारी स्वयंपाकाच्या वर्गाला येई आणि तिची आई चातीवर सूत कातून दाखवायला येई; पण डोक्याला रुमाल बांधलेल्या, जाडेभरडे बूट घातलेल्या आईबरोबर दिसू नये म्हणून ती वेगळ्या दाराने आत शिरे. एकदा शिक्षणशास्त्राच्या मंडळींनी तिच्या आईभोवती गर्दी करून तिच्या हातातल्या कसबाची वाखाणणी केली, ती मुलीने ऐकली. त्यानंतर मायलेकी एकाच दाराने येऊ लागल्या. ॲडम्स यांनी त्या आईला इंग्रजी शिकण्यापासून परावृत्त केले नाही, की इटालियन भाषेची थोरवीही ऐकवली नाही. तिला जे येत होते ते तिच्या मुलीला दिसेल अशी जागा त्यांनी निर्माण केली. आजच्या नवशिक्षकाला पहिल्या महिन्यात एकच गोष्ट शिकवायची असेल, तर मी ही शिकवीन.

आता विरोधकांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येते. या आयांना इंग्रजी हवे आहे, आणि ते आज हवे आहे. मातृभाषेविषयी व्याख्यान ऐकायला कोणी आठ तास उभे राहून मग दोन बस बदलून येत नाही. कामावरच्या मुकादमाने तास कमी लावले तर हिशेब विचारता यावा, दवाखान्यात मुलाला ताप कधीपासून आहे हे सांगता यावे, घरमालकाची नोटीस वाचता यावी, यासाठी ती येते. इंग्रजी येते की नाही यावर मजुरी ठरते, आणि मजुरीवर घर चालते. तेव्हा शिक्षकाने स्वतःच्या सांस्कृतिक हळवेपणापायी तिच्या वाट्याचा इंग्रजीचा वेळ खर्च केला, तर तो तिच्यावर अन्यायच आहे, असे मीही म्हणेन. पण या मुद्द्यातून ‘फक्त इंग्रजी’ हा निष्कर्ष निघतो का? इंग्रजी कशातून शिकवायचे, हा प्रश्न तसाच राहतो. मुलाच्या दप्तरात दर आठवड्याला कागदांचा गठ्ठा येतो: सहलीचे संमतिपत्र, सवलतीच्या जेवणाचा अर्ज, लसीकरणाची नोंद, पालकसभेची वेळ, बर्फामुळे शाळा उशिरा भरणार असल्याची सूचना. आई त्याचा मोबाइलने फोटो काढते, यंत्राने केलेले भाषांतर वाचते, अर्धे कळते, आणि शेवटी मुलालाच विचारते. जो शिक्षक छापील पुस्तकातला ‘विमानतळावर’ हा धडा बाजूला ठेवून तोच गठ्ठा टेबलावर घेतो, तो इंग्रजी अधिक जलद शिकवतो, आणि घरातल्या कागदांची सूत्रे पुन्हा आईच्या हाती देतो. नवशिक्षकांनी आणखी एक गोष्ट आईला सांगायला हवी, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. नागरी हक्कांचा कायदा आणि इंग्रजी न येणाऱ्या विद्यार्थ्यांविषयीच्या लाउ खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९७४ चा निकाल यांच्या आधारे, शाळेने पालकांशी त्यांना कळेल अशा रीतीने बोलावे, ही अपेक्षा गेली कित्येक वर्षे चालत आली आहे. एका आदेशामुळे तो कायदा पुसला गेलेला नाही. पालकसभेत दुभाष्या मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. आठ वर्षांच्या मुलाने स्वतःविषयीच्याच तक्रारी आईला भाषांतर करून सांगाव्यात, ही परिस्थिती मुलासमोरच्या आईच्या मानाच्या दृष्टीने तर वाईट आहेच, पण शाळेच्याही सोयीची नाही.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे मातृभाषावाद्यांचा युक्तिवाद मला मनाने जवळचा आहे, आणि म्हणूनच त्यातली चूक अधिक खुपते. मातृभाषा कोणती, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलेले असते. न्यू जर्सीतल्याच न्यू ब्रन्सविक शहरात मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून आलेली वस्ती मोठी आहे. नवा, उत्साही शिक्षक स्पॅनिश पुस्तकांचा संच घेऊन येतो आणि आपण आदराने वागलो असे समजतो. पण ओआहाकातल्या कित्येक घरांची बोली मिश्टेक किंवा सापोटेक असते, ग्वाटेमालातल्या डोंगराळ भागातल्या घरांची माम किंवा किचे. तिथल्या आईसाठी स्पॅनिश ही शाळेची भाषा होती, आणि कदाचित त्याच शाळेत तिच्या बोलीला हसले गेले होते. तिच्यापुढे स्पॅनिश पुस्तक ठेवणे म्हणजे तिला एकाऐवजी दोन परक्या भाषांत अडखळायला लावणे आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात पावरी किंवा भिली बोलणाऱ्या घरातल्या मुलापुढे मराठी पाठ्यपुस्तक ठेवून ते मातृभाषेतले शिक्षण आहे असे आपण किती वर्षे मानत आलो, हे आठवले की ही चूक समजणे मराठी माणसाला अवघड जाऊ नये. उपाय साधा आहे, पण त्याला वेळ लागतो: विचारायचे. घरी आजीशी काय बोलता, नवऱ्याशी काय, मुलांशी काय, आणि मुले उलट उत्तर कोणत्या भाषेत देतात? या चार प्रश्नांची उत्तरे चार वेगवेगळ्या भाषांत असू शकतात. जो शिक्षक ती ऐकून घेत नाही, त्याचे धोरण इंग्रजीचे असो की मातृभाषेचे, तो आपलेच गृहीतक शिकवत असतो.

इथे आपल्या माणसांशी मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे, कारण या वर्गांत शिकवायला येणाऱ्यांत मराठी स्त्रियांची संख्या दुर्लक्ष करण्यासारखी नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेल्या, स्वतः उत्तम शिकलेल्या, पण कामाचा परवाना नसलेल्या किंवा त्याची वाट पाहणाऱ्या कितीजणी वाचनालयात स्वयंसेविका होतात. २०१५ नंतर त्यांच्यातल्या काहींना परवाना मिळू लागला, सर्वांना नाही. त्या मेहनती आहेत, वेळेवर येतात, तयारी करून येतात. पण त्यांतल्याच कित्येकजणी शनिवार-रविवारी आपल्या मुलांना गाडीत बसवून बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळेत नेतात, घरी मराठीच बोलायचे असा दंडक घालतात, आणि सोमवारी संध्याकाळी ग्वाटेमालाच्या आईला कळकळीने सांगतात की मुलांशी घरी इंग्रजीच बोल, नाहीतर ती मागे पडतील. आपल्या मुलाला दोन भाषा पेलतात आणि तिच्या मुलाला पेलणार नाहीत, हे आपण कशाच्या आधारावर ठरवले? भाषाशिक्षणाच्या अभ्यासक लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ मध्ये हजारावर स्थलांतरित कुटुंबांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले होते. त्यात असे दिसले की लहान वयात फक्त इंग्रजी बालवर्गात गेलेली मुले घरची भाषा झपाट्याने सोडतात, आणि मग ज्या आईबापांना इंग्रजी नीट येत नाही त्यांना वाढत्या मुलाशी शिस्तीचे, नात्याचे, दुःखाचे काही बोलायलाच साधन उरत नाही. दोन भाषा कानावर पडल्याने मूल गोंधळते या समजुतीला आधार मिळत नाही, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१७ च्या अहवालानेही म्हटले आहे. मोडक्या इंग्रजीत आईने मुलाशी बोलावे, या सल्ल्यातून मुलाला चांगले इंग्रजी मिळत नाही आणि आईजवळचे चांगले बोलणेही जाते. सुशिक्षित घरातल्या मुलाची भाषा वारसा म्हणून जपायची आणि मजुराच्या मुलाची भाषा अडथळा म्हणून दूर करायची, ही वर्गभेदाची रीत आहे. आपण ती आपल्याबरोबर इथे आणली असेल तर इथेच सोडून द्यावी.

सगळ्यांत कठीण आक्षेप पैशाचा आहे, आणि तो आकड्यांसह येतो. १९८८ च्या कायद्याने केंद्र सरकारने ‘इव्हन स्टार्ट’ नावाची कुटुंब साक्षरता योजना सुरू केली. ऐन भरात तिच्यावर वर्षाला २५ कोटी डॉलर खर्च होत होते. तिची तीन राष्ट्रीय मूल्यमापने झाली. योजनेत आलेल्या कुटुंबांची प्रगती झाली हे दिसले, पण योजनेत नसलेल्या तशाच कुटुंबांचीही साधारण तितकीच झाली होती. २०११ मध्ये अनुदान थांबले. विरोधक विचारतात: इतके करूनही फरक पडत नसेल, तर हा पैसा सरळ मुलांच्या चांगल्या बालवाड्यांना का देऊ नये? या प्रश्नाला हळवे उत्तर देऊन चालणार नाही. तुलनेसाठी घेतलेल्या कुटुंबांपैकी सुमारे एकतृतीयांश कुटुंबांना बालवर्ग किंवा प्रौढ शिक्षण दुसरीकडून मिळत होते, हे खरे आहे; पण तेवढ्याने सगळा हिशेब जुळत नाही. त्याच मूल्यमापनात आणखी एक गोष्ट दिसली होती, आणि माझ्या मते ती अधिक बोलकी आहे: पालकांना जितके तास देऊ केले होते त्यांतले थोडेच तास त्यांनी प्रत्यक्ष घेतले. माणसे येईनाशी झाली. का? पाळ्या बदलल्या, घरे बदलली, गाड्या बंद पडल्या, ही कारणे आहेतच. पण कुटुंब साक्षरतेच्या अभ्यासक एल्सा ऑरबाख यांनी १९८९ मध्येच इशारा दिला होता की हे कार्यक्रम आईबापांकडे उणिवांची यादी म्हणून पाहतात, शाळेच्या सवयी घरात पोहोचवणे एवढेच आपले काम समजतात, आणि त्या घरांत आधीपासून काय वाचले-लिहिले-सांगितले जाते ते पाहतच नाहीत. माझा अनुभव त्यांच्या बाजूने आहे. जिथे आपली उणीव मुलासमोर मोजली जाते, तिथे माणूस किती दिवस येईल? ‘इव्हन स्टार्ट’च्या अपयशाचे हे एकमेव कारण होते असा माझा दावा नाही. मात्र त्या अपयशावरून ‘पालकांना शिकवून उपयोग नाही’ असे म्हणणाऱ्यांना, पालक तिथे पुरेसे बसलेच नव्हते, एवढे तरी लक्षात घ्यावे लागेल.

या हिशेबात माझा आणखी एक मूळचा मतभेद आहे. आईच्या शिक्षणाचे फळ मुलाच्या शब्दसंग्रहाच्या चाचणीतच का मोजायचे? जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेल्या माणसाला अक्षर कळावे, कारण ते त्याचे आहे, इतके कारण त्यांना पुरेसे होते. मोठ्या माणसाचे शिकणे त्याच्या मुलाच्या निकालावर गहाण टाकले, की निकाल वाढेपर्यंतच त्याला शिकण्याचा हक्क उरतो.

आता शेवटचा आक्षेप, जो समन्वयक मंडळी थकलेल्या स्वरात घेतात आणि ज्यात तथ्य आहे. प्रौढ शिक्षणातले बहुतेक शिक्षक अर्धवेळ असतात, बरेचसे बिनपगारी असतात, दर वर्षी कित्येक गळतात. त्यांच्यावर प्रशिक्षणाचे ओझे टाकले तर येणारेही येणार नाहीत. आणि प्रशिक्षणाने खरेच काही होते का? माझ्या बाजूला अडचणीत आणणारे उदाहरण मीच देते. जानेवारी १९५७ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या जॉन्स बेटावर, एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत, प्रौढ कृष्णवर्णीयांचा साक्षरता वर्ग सुरू झाला. ती माणसे स्थलांतरित नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच होती, पण मतदार नोंदणीसाठी राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवण्याची अट घालून त्यांना मतापासून दूर ठेवले होते. वर्ग उभा करणाऱ्या सेप्टिमा क्लार्क यांनी शिक्षिका म्हणून मुद्दाम प्रशिक्षित माणूस घेतला नाही. त्यांनी आपल्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना गळ घातली. त्या केशभूषेचा आणि शिवणकामाचा व्यवसाय करीत, आणि त्यांनी कधीही शिकवले नव्हते. बर्निस यांनी पहिल्या दिवशी लहान मुलांची शालेय पुस्तके आणली होती. मोठ्या माणसांपुढे ती शोभत नाहीत हे पाहताच त्यांनी ती बाजूला ठेवली आणि विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? कोणाला आपले नाव लिहायचे होते, कोणाला बायबल वाचायचे होते, कोणाला टपालाने वस्तू मागवण्याचा अर्ज आणि मनीऑर्डर भरायची होती. मग तेच वर्गाचे पुस्तक झाले. या वर्गांचा विस्तार पुढे सगळ्या दक्षिणेत झाला, आणि मतदार म्हणून नोंदणी करणाऱ्यांच्या रांगा त्यांतूनच उभ्या राहिल्या.

तर मग प्रशिक्षण नको, असे यावरून ठरते का? मला उलटे दिसते. बर्निस रॉबिन्सन यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हते, पण ती माणसे कशी जगतात हे त्यांना घरून माहीत होते, आणि आपल्याला माहीत नाही ते विचारण्याचा संकोच नव्हता. न्यू जर्सीच्या वर्गात येणाऱ्या नवशिक्षकाकडे यातली पहिली गोष्ट बहुधा नसते, मग तो गोरा निवृत्त शिक्षक असो की पुण्याची अभियंता. ती दोन तासांच्या व्हिडिओने येत नाही. जुन्या शिक्षकाशेजारी बसून, बालवर्गात रंगपेट्या गोळा करून, कोणती आई कोणाशेजारी बसते आणि कोणती नेहमी दाराजवळची खुर्ची निवडते हे पाहून येते. म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. पहिले चार आठवडे नव्या शिक्षकाला फळ्यापुढे उभे करू नये, आणि पगारी शिक्षकाला त्या आठवड्यांचे पूर्ण तास धरून मोबदला द्यावा. वर्गातून शिकून पुढे गेलेल्या आयांना साहाय्यक म्हणून पगारावर घ्यावे, कारण जॉन्स बेटाचा खरा धडा तोच आहे. शिवाय त्या दोघींमध्ये, म्हणजे नवी शिक्षिका आणि जुनी विद्यार्थिनी यांच्यात, नव्या शिक्षिकेने शिकायचे आहे हे उघडपणे सांगावे.

याच काळात, वर्गात काय विचारायचे नाही हेही नव्या शिक्षिकेला कळले पाहिजे. १९८२ च्या प्लायलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कागदपत्रे नाहीत म्हणून कोणत्याही मुलाला सरकारी शाळा नाकारता येणार नाही, असा निकाल दिला आहे. पण मोठ्यांच्या शिक्षणाला ते संरक्षण नाही, आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या प्रौढ शिक्षणातून कागदपत्रे नसलेल्यांना वगळण्याची भूमिका घेतली. तिला अनेक राज्यांनी न्यायालयात आव्हान दिले. या वातावरणात ‘तुम्ही इथे कसे आलात?’ हा ओळख वाढवण्यासाठी सहज विचारलेला प्रश्न पुढच्या आठवड्यात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या करू शकतो. संभाषणाच्या सरावासाठी छापील पुस्तकांत तो प्रश्न आजही असतो. तो वगळायला हवा, हे नव्या माणसाला कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो कुठून येईल हे विचारण्याचा विरोधकांना अधिकार आहे. देशपातळीवरची योजना परत येण्याची चिन्हे नाहीत. पण न्यू जर्सीत शाळा मंडळाचे अंदाजपत्रक दर वसंत ऋतूत जाहीर सुनावणीला येते, आणि मंडळाच्या प्रत्येक बैठकीत नागरिकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो. एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या भागांत मराठी घरे मालमत्ता कर भरतात, आणि त्या कराचा मोठा हिस्सा शाळांकडे जातो. आपल्या मुलांच्या गणिताच्या प्रगत वर्गांसाठी आपण त्या माइकपुढे उभे राहिलेलो आहोत. पालकसभेतले दुभाषे, संध्याकाळच्या वर्गासाठी उघडी ठेवलेली एक खोली, आणि नव्या शिक्षकांच्या पहिल्या चार आठवड्यांचे मानधन, या तीन बाबी त्या अंदाजपत्रकात मोठ्या नाहीत. ज्या मराठी स्वयंसेविका वर्गात शिकवतात, त्यांनी पुढच्या सुनावणीला जाऊन त्या मागाव्यात, आणि शक्य असेल तर आपल्या वर्गातल्या एखाद्या आईलाही बरोबर न्यावे, म्हणजे तिला जे सांगायचे आहे ते ती दुभाष्याच्या मदतीने तिथेच सांगेल.